गंगाबाईंच्या दोरीवरचे लंगोट

मी आयुष्यभर ज्यांच्यासाठी शिवलं, त्यांचं माप कधी घेतलं नाही. बहुतेक जण तेव्हा जन्मालाच आलेले नसत. औरादच्या बस स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान. आता ते सून बघते, मी दुपारची जाऊन खुर्चीत बसते आणि तिच्या शिवणीत खोडी काढते. दुकानाला पाटी कधीच नव्हती. दारातल्या दोरीवर टोपरी, झबली, दुपटी आणि लंगोट लटकत असायचे, तीच पाटी. बाळंतविडा शिवणारी विमलक्का म्हटलं की ऑटोवाला पुढचा पत्ता विचारायचा नाही.

लोकांना वाटतं, लंगोटात काय एवढं शिवायचं? तीन कोनांचं कापड, वर दोन बंद. पण मोठ्या माणसाला सदऱ्याची शिवण टोचली तर तो शिंप्याशी येऊन भांडतो. बाळ बिचारं नुसतं रडतं आणि घरचे दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळतात. म्हणून लंगोटाची शिवण बाहेरच्या अंगाला घ्यायची. बंदाची गाठ कमरेच्या हाडावर येऊ द्यायची नाही. कापड मलमलीचं, नाहीतर वापरून वापरून मऊ झालेल्या धोतराचं. कोऱ्या कापडाला खळ असते, म्हणजे गिरणीत त्याला कडक करायला लावलेली पेज. खळ असलेलं कापड पाणी पीत नाही, पाणी वरच्या वर ओघळून जातं. चार-सहा धुण्यांनंतरच ते लेकराच्या कामाचं होतं.

ही खळ एकदा माझ्या कामी आली. दुकान नवीन होतं तेव्हा काही घरांना प्रश्न पडायचा, की आमच्या वस्तीतल्या बाईनं शिवलेलं कापड लेकराच्या अंगाला पहिलं कसं लावावं. आम्ही बौद्ध. तोंडावर कोणी बोलायचं नाही, पण एक म्हातारी मात्र सरळ म्हणाली, "घरी न्हेऊन दोन पाण्यातनं काढीन, मग घालीन." मी म्हटलं, "आजी, दोन कशाला, सहा पाण्यांतनं काढा. जितकं धुवाल तितकं मऊ हुतंय." तिनं खरंच सहा पाण्यांतून काढलं. पुढच्या नातवाच्या वेळी येऊन म्हणाली, तुझ्यासारखं मऊ कापड कुणाचं नाही. गिऱ्हाईक पक्कं झालं होतं.

गिऱ्हाइकंही एकेक. हुमनाबादच्या ढाब्यावर गाडी उभी करून एक लॉरीवाला अप्पा बस पकडून औरादला आला होता. मुलगा होऊन तीनच दिवस झाले होते. दोन्ही हात छातीपासून गुडघ्यापर्यंत पसरून मला म्हणाला, "एवढा हाय, अक्का. लई दांडगा हाय." मी हसू दाबून नेहमीच्याच मापाचे बारा लंगोट बांधून दिले. महिन्याभरानं तो परत आला, म्हणाला, "अक्का, बरोब्बर बसले. तुम्हाला कसं कळलं?" आणखी एक गुलबर्ग्याचे निवृत्त प्राध्यापक. मुलीला आठवा महिना होता आणि हे वहीत होणाऱ्या नातवंडाचा कमरेचा घेर लिहून घेऊन आले होते. पुस्तकातून काढला म्हणे. मी वही बघितली, मान डोलावली आणि माझ्या मनासारखंच शिवलं.

मग मेडिकलमध्ये डायपर आले. आधी फक्त बीदरला मिळायचे, मग आमच्याकडे. शेवटी किराणा दुकानातही शाम्पूच्या पुड्यांशेजारी एकेक सुटा लटकायला लागला. मला राग यायचा, हे आधीच कबूल करते. एखादी पोर दुकानात आली आणि डायपरचं नाव काढलं की मी म्हणायचे, "लेकराला काय प्लास्टिकमधी भाजीवाणी गुंडाळायलीस?" बाकीच्या बायका हसायच्या. पोर गप्प व्हायची आणि लंगोट घेऊन जायची. मला वाटायचं, मी जिंकले.

सविता अशीच एके दिवशी आली. सरकारी बसमध्ये कंडक्टर, औराद-बीदर गाडीवर. नवरा पुण्याला कंपनीत, महिन्या-दोन महिन्यांनी येणारा. घरात सासू गंगाबाई, सविता त्यांना आत्या म्हणायची, आणि पाच महिन्यांची जुळी, एक मुलगा, एक मुलगी. सविताच्या कडेला मुलगी होती, तिला घरात चिमी म्हणत. गंगाबाईंच्या कडेला बाळू. बाळंतपणाची रजा संपत आली होती आणि दोघी वाद घालतच पायरी चढल्या.

"अक्का, तुम्हीच सांगा," सविता म्हणाली. "मी सकाळी सहाला निघणार, सांजच्याला पाचला येणार. दोन लेकरं. आत्यानं दिवसभर लंगोटच धुवायचे का? डायपर घालू म्हणायले तर ऐकंनात."

"माझी चार लेकरं लंगोटावर वाढली," गंगाबाई म्हणाल्या. "एकाच्या बुडाला कधी पुरळ आलं न्हाई. विमलबाई, सांगा जरा हिला."

आता मी लंगोट विकणारी. माझा निकाल काय लागणार हे दारातल्या कुत्र्यालाही कळलं असतं. त्यात दुकान भरलेलं. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "ज्या घरात आजी हाय त्या घराला डायपर कशाला? डायपर म्हंजे आळसाला शिवलेली पिशवी."

बायका खो खो हसल्या. गंगाबाई ताठ झाल्या. सविता चिमीच्या टोपऱ्याचा बंद नीट करत राहिली, वर बघितलं नाही. तीन डझन लंगोट घेऊन दोघी गेल्या. ते वाक्य पुढे बाजारात फिरलं. मला कोणी कोणी रस्त्यात थांबवून ऐकवलं आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

दोन महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात, बाजारच्या दिवशी सविता पुन्हा दुकानात आली. खाकी अंगात, तिकिटाचं मशीन गळ्यात. गाडी सुटायला दहा मिनिटं होती म्हणून धावत आली होती. दुकानात सात-आठ बायका होत्या. तिनं कोणाकडे बघितलं नाही.

"अक्का, तुमच्या कापडानं माझ्या चिमीचं बूड सोललंय," ती म्हणाली. "आंघोळीचं पाणी लागलं की किंचाळायली. डॉक्टरकडं न्हेलं. त्यांनी कानडीत एकच विचारलं, ओलं किती वेळ राहतंय? मी म्हणलं, आमच्या आत्या घटकेघटकेला बदलतात. मग म्हणाले, कापडच खराब असंल. तुमचंच कापड हाय की, अक्का."

एवढं बोलताना तिचा आवाज फाटला. मी काही म्हणायच्या आत स्टँडवरून हॉर्न वाजला आणि ती पळाली. एका बाईनं हातातलं टोपरं हळूच परत ठेवलं आणि निघून गेली. तिच्यामागून दुसरी.

मला आधी संताप आला. मग भीती वाटली. मी नवा तागा उलगडला, गालाला घासून बघितला, ओला करून बघितला, शिवणी उलट्या करून तपासल्या. कापड तेच, तागा देणारा व्यापारी तोच. पण लेकराचं बूड सोललं होतं हेही खरंच होतं. तीस वर्षांत असं कोणी मला म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, सविता ड्युटीवर असताना, मी त्यांच्या घरी गेले. नळाला सहा दिवस पाणी आलं नव्हतं. अंगणात ड्रम, घागरी, पातेली, जे भांडं भरता येईल ते भरून ठेवलेलं. आणि दोरीवर माझे बारा लंगोट ओळीनं वाळत घातलेले, पाणी ठिबकत होतं. ते बघून मला बरं वाटलं. म्हटलं, बाई धुवायला चुकत नाही. सवयीनं मी एकाला हात लावला.

हात लावला आणि कळलं. कापड कडक होतं. खळ जशीच्या तशी. मी घालून दिलेल्या घडीची रेघ अजून स्पष्ट दिसत होती. दोन महिने दोन लेकरांनी वापरलेल्या लंगोटावर एकही पिवळा डाग नाही. आणि मी डझनातल्या शेवटच्या लंगोटावर निळ्या खडूची बारीक खूण करते, मोजायला सोपं जावं म्हणून. पहिल्या साबणाला ती जाते. इथे खूण शाबूत होती.

गंगाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"गंगाबाई," मी म्हटलं, "हे धुतलेले न्हाईत. नुसते पाण्यात बुडवून वाळू घातलेत."

"काय बोलायलाव तुम्ही!" त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

तेवढ्यात आतून चिमी रडली. मी विचारायला थांबले नाही, आत जाऊन तिला पाळण्यातून उचललं. झबल्याखाली डायपर होता. भरून भरून खाली लोंबत होता. शेजारी बाळूही तसाच, पण गडी मजेत पायाचा अंगठा चोखत होता. त्याची कातडी जाड असावी.

गंगाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मग त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे केले. मनगटं सुजून गोल झाली होती.

"चिकनगुन्या झाल्यापसून हातात जीव न्हाई," त्या म्हणाल्या. "सुकं उचलते, लेकरू उचलते, पण वलं कापड पिळलं की कळ डोस्क्यात जाती. पयले दोन डझन आठ दिवस धुतले. मग न्हाई झालं. हे तिसरं डझन परवा सोडलं, नुसतं दोरीला दाखवायला."

"मग सविताला सांगितलं कामून न्हाई?"

"कसं सांगू? तिची आई हाय गुलबर्ग्याला. तिथं नळाला पाणी, धुण्याला बाई. ती कवाच म्हणायली, लेकरं माझ्याकडं ठिवा, शाळंच्या वयाची झाली की न्या. मी हात टेकले म्हणलं की गेली लेकरं. ह्या घरात मग मी आन् भांडी." त्यांनी हात पदराखाली घेतले. मग म्हणाल्या, "आन् तुम्ही भरल्या दुकानात म्हणलाव, डायपर म्हंजे आळसाची पिशवी. त्याच्यावर मी कोणत्या तोंडानं सांगू, मला पिशवी लागती म्हणून?"

बाजारभर मिरवलेलं माझंच वाक्य तिथे, त्या पाळण्याशेजारी, मला परत ऐकावं लागलं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गंगाबाई मेथीच्या जुडीखाली पाकीट लपवून आणत. सारखं मेडिकलला गेलं तर सविताच्या कानावर जाईल, म्हणून सविता निघाली की एक डायपर चढवायचा तो थेट साडेचारला उतरवायचा. मग लंगोट बांधायचा, बाकीचे पाण्यात बुडवून दोरीवर टाकायचे; रात्रीचे दोन-चार भिजलेले सविताच धुवायची. वापरलेले डायपर परसात लाकडांमागे लपवलेल्या एका पोत्यात. ते पोतं गच्च भरलं होतं आणि त्याचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. जाळावं तर घाण वास, घंटागाडीत द्यावं तर सगळ्यांना कळणार, उकिरड्यावर टाकावं तर कुत्री गल्लीभर ओढत नेतील.

मी चिमीचा डायपर काढला. कोमट पाण्यानं अलगद धुतलं, पुसलं नाही, नुसतं टिपलं. डॉक्टरांनी दिलेलं मलम लावलं आणि सावलीत दुपट्यावर तिला उघडीच ठेवली. थोडा वेळ ती कण्हली. मग वारा लागला तशी गप्प झाली, पाय हवेत नेले, आणि एक कारंजं उडवलं, ते वाकून बघणाऱ्या गंगाबाईंच्या चष्म्यावर शिंतडलं. आणि हसली. दोन महिन्यांचा सगळा कोंडमारा त्या एका कारंज्यात गेला असावा. गंगाबाई चष्मा पुसत रडत होत्या आणि हसतही होत्या. मीही हसले.

लेकराच्या कातडीला कापड कळत नाही आणि डायपरही कळत नाही. अंगाला ओलं किती वेळ राहिलं, एवढंच तिला कळतं. आयुष्यभर लंगोट शिवूनही हे मी त्या दिवशी शिकले.

"सविताला सांगू नका, बाई," निघताना गंगाबाई म्हणाल्या.

स्टँडवर जाऊन सविताला गाठायला मला पाच मिनिटं लागली असती. माझं नाव तिथल्या तिथे धुऊन निघालं असतं. मी म्हटलं, "लेकराच्या जिवाशी आलंय, तवा सांगावं तर लागतंय. पण मी न्हाई सांगणार, तुम्ही सांगा. पुढच्या बाजारापर्यंत थांबते. तवर दर दोन-तीन तासाला उघडून बघायचं, वलं असलं की बदलायचं. पाकीट मी आणून देते."

आणि दिलं. विमलक्का पिशवीत डायपर लपवून गल्लीतून चालली आहे, हे दृश्य कोणी बघितलं नाही, हे माझं नशीब.

तो आठवडा लांब गेला. दुकानात बायका यायच्या, कापड चुरगाळून बघायच्या आणि विचारायच्या, "अक्का, कापड बदललंय का?" मी म्हणायचे, "न्हाई." सून चिडायची, "आत्या, तुम्ही काहीतरी बोला की!" मी मशीन चालवत राहायचे. गंगाबाईंचा निरोप नव्हता. पाचव्या-सहाव्या दिवशी मला वाटायला लागलं, की आपण मूर्खपणा केला.

बाजारच्या दिवशी संध्याकाळी पाचची गाडी लागली. थोड्या वेळानं दोघी दुकानात आल्या, दोघींच्या कडेला एकेक. बाजार सुटायची वेळ, दुकान गच्च भरलेलं. सविता मला म्हणाली, "अक्का, मी भरल्या दुकानात बोलले, म्हणून भरल्या दुकानातच माफी मागायला आले."

"तू थांब," गंगाबाई तिला म्हणाल्या आणि बायकांकडे वळल्या. "ह्या बाईच्या कापडात काय खोट न्हाई. दिवसा ते कापड लेकराच्या अंगाला लागलंच न्हाई. मी डायपर घालायले, दिवसदिवस काढायले न्हाई, आन् लंगोट भिजवून दोरीला दाखवायले. माझे हात गेलेत. काल राती सुनंला सांगितलं, आज तुम्हाला सांगायले."

एवढ्या बायकांसमोर असं बोलायला किती छाती लागते ते मला माहीत आहे. मला तरी जमलं नसतं.

"आन् सुनबाई काय म्हणली?" कोपऱ्यातून एका म्हातारीनं विचारलं. आमच्या गावात अशा प्रश्नाला आडपडदा नसतो.

सविता लाजली. मग म्हणाली, "मी म्हणलं, आत्या, गुलबर्ग्याला पाठवायचं असतं तर पहिल्याच महिन्यात पाठवलं असतं की. दिवसभर लोकांची तिकिटं फाडून मी मोकळ्या घरात कशाला येऊ? आन् लेकरं तुमच्या मांडीवर झोपायल्यात, मनगटावर न्हाई."

गंगाबाईंनी पदर डोळ्याला लावला. दुकानातल्या निम्म्या बायकांनीही. मग माझी पाळी होती. मी खुर्चीतून उठले आणि म्हटलं, "ते आळसाच्या पिशवीचं वाक्य मी परत घेते. हशा मिळवायला बोलले हुते, आन् माल खपवायला. ज्यांना ज्यांना मी असं बोलले, त्यांना सांगा." सून माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मला तापच चढलाय.

तिथेच गल्ल्यावर बसून आम्ही तिघींनी सगळं ठरवलं. मी एकपदरी मलमलीचे लंगोट शिवून देणार, हलके, तासाभरात वाळणारे. आत घालायची चौकोनी घडी वेगळी, धुताना उलगडता येणारी, म्हणजे जाड कापड पिळायला नको. पिळायचं काम सविताचं, संध्याकाळी. दुपारच्या झोपेला आणि गावाला जाताना डायपर, तोही वेळेवर बदलायचा. नळाला पाणी नसेल त्या दिवशी डायपरच, कोणी कोणाला बोलायचं नाही. वापरलेला कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकायचा. आणि रोज तासभर दोघं उघडी, दुपट्यावर, ज्याला जिकडे उडवायचं तिकडे उडवू दे.

ती एकपदरी लंगोटाची कल्पना पुढे इतकी चालली, की बीदरहून बायका यायला लागल्या. आणि माझ्या दुकानात झबल्यांच्या वरच्या फळीवर डायपरची पाकिटं आली. सून कधीपासून मागे लागली होती. नवी आई आली की मी आता निकाल देत नाही, तीनच प्रश्न विचारते. घरी पाणी किती येतं? धुणार कोण? आणि तिचे हात कसे आहेत? उत्तरं ऐकली की काय बांधून द्यायचं ते आपोआप ठरतं. कधी लंगोट, कधी पाकीट, बहुतेक वेळा दोन्ही. ज्या पोरींना मी आधी हसवून गप्प बसवलं, त्या कुठे कुठे असतील. त्यातल्या कोणाच्या घरी कोणी गंगाबाई होत्या का, हे मी विचारलं नव्हतं. ते राहून गेलं.

जुळ्यांच्या पहिल्या वाढदिवसाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. मी नवी जांभळी साडी नेसून गेले. नवरा पुण्याहून आला होता, गुलबर्ग्याची आजीही आली होती आणि दोन्ही आज्या एकाच ताटात बुंदी खात होत्या. गंगाबाईंनी चिमीला माझ्या मांडीवर बसवलं. तिनं माझ्या गळ्यातली माळ ओढली, माझा कान पकडला, आणि मग एकदम शांत, विचारात पडल्यासारखी झाली. मला माझा धंदा कळतो, पण मी उठेपर्यंत उशीर झाला होता. मांडी ऊन ऊन झाली. साडी गेली.

"सविता!" गंगाबाई ओरडल्या. "हिला डायपर घातला न्हाईस व्हय?"

"मी?" सविता आतून धावत आली. "मला वाटलं, तुम्ही लंगोट बांधलाय!"

"मला वाटलं, तू घातलास!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग गंगाबाईंना आधी हसू फुटलं, मग सविताला. हसता हसता दोघी एकमेकींच्या खांद्यावर टेकल्या, आणि चिमी माझ्या ओल्या मांडीवर बसून टाळ्या वाजवायला लागली.